महागाई उतरली, मग आजोबांचा पेपर का बंद झाला?

दोस्तांनो,

या खेपेला टपालात खांदा कॉलनीतून एक पत्र आलं. खांदेश्वराचं देऊळ आणि तलाव जिथे आहे ना, ती पनवेलची खांदा कॉलनी. आठवीतल्या एका वाचकमैत्रिणीने वहीच्या कागदावर पाठपोट लिहिलं आहे. त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देतो.

“नोव्हेंबर 2025 मध्ये टीव्हीवर सांगितलं, की महागाईचा दर पाव टक्क्यावर आला. त्याच महिन्यात आमचा भाडेकरार संपला आणि घरमालकांनी भाडं वाढवलं. आई म्हणाली, आता क्लासला शेअर रिक्षा नको, चालत जा. आजोबा तळोज्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी घरी येणारा पेपर बंद केला. आता ते वाचनालयात जाऊन वाचतात आणि म्हणतात, तेवढेच पाय मोकळे होतात. पण खरं कारण ते नाही, हे मला कळतं. काका, टीव्हीवाले खोटं सांगतात की आमच्या घरात कुणाचं तरी चुकतंय?”

पत्र वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. मग ठरवलं, या आठवड्याचा हिशेब हाच!

मैत्रिणी, आधी उत्तर सांगून टाकतो. टीव्हीवाले खोटं सांगत नव्हते. आणि तुमच्या घरात कुणाचंही काही चुकलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते आता बघू. सगळ्यांनी कागद-पेन्सिल जवळ घ्या. आकडेमोड आहे, पण शेकडेवारीच्या पलीकडे काही नाही, बरं का!

नोट तेवढीच, पिशवी लहान

शंभराची एक नोट घ्या आणि कपाटात ठेवून द्या. पाच वर्षांनी काढून बघा. लांबी तीच, रुंदी तीच, गांधीजींचं चित्रही तेच. पण ती घेऊन बाजारात गेलात, तर पिशवी पूर्वीइतकी भरत नाही. नोट आटली नाही, तिची ताकद आटली. पैशाच्या या ताकदीला क्रयशक्ती म्हणतात. क्रय म्हणजे खरेदी. भाव वाढणं आणि पैशाची क्रयशक्ती घटणं ही एकाच नाण्याची दोन बाजू आहेत.

नाण्यावरून आठवलं. चार आण्यांत काय काय यायचं, ते आजीला विचारा. चिंचेच्या गोळीपासून यादी सुरू होईल! पंचवीस पैशांचं ते नाणं 30 जून 2011 पासून चलनातून बाद झालं. कारण साधं आहे. चार आण्यांत घेण्यासारखं बाजारात काही उरलंच नव्हतं.

ही आटलेली ताकद मोजायची कशी? त्यासाठी सरकार ग्राहक किंमत निर्देशांक काढतं. नाव लांबलचक आहे, पण कल्पना सोपी आहे. एका साली ठराविक सामानाची पिशवी भरायला जेवढे पैसे लागले, त्यांना 100 मानायचं. मग दर महिन्याला तीच पिशवी पुन्हा भरून किती लागतात ते बघायचं. 2012 सालाला 100 मानून काढलेला आकडा 2025 संपता संपता 197 च्या आसपास पोचला होता. म्हणजे शंभरात भरणाऱ्या पिशवीला जवळजवळ दोनशे लागू लागले.

तुमच्यापैकी कित्येकांचा जन्म 2012 च्या आगेमागेच झालेला आहे. म्हणजे बघा, तुम्ही पन्नास सेंटीमीटरचे दीडशे सेंटीमीटर झालात, आणि तेवढ्या काळात रुपया निम्म्यावर आला!

ही पिशवी पहिल्यांदा कुणी भरली?

ही मोजणी आपल्याकडे कशी सुरू झाली, त्याची गोष्ट मुंबईतलीच आहे. 1914 ते 1918 या पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत धान्य, कापड, रॉकेल सगळ्यांचे भाव चढले. गिरणी कामगारांचा पगार मात्र त्या वेगाने वाढेना. जानेवारी 1919 मध्ये गिरण्यांमध्ये मोठा संप झाला. कामगार म्हणत, पगारात भागत नाही. मालक म्हणत, वाढवला की पगार! भाव नेमके किती वाढले, हे आकड्यात सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

1921 मध्ये मुंबई सरकारने कामगार कचेरी सुरू केली. या कचेरीने कामगारांच्या घरोघरचा खर्च विचारून घेतला. तांदूळ किती, ज्वारी-बाजरी किती, डाळ, सरपण, रॉकेल, धोतर-कापड, खोलीचं भाडं किती. जुलै 1914 चे भाव 100 धरले आणि दर महिन्याला निर्देशांक छापायला सुरुवात केली.

त्याचा उपयोग पुढे झाला. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि भाव पुन्हा भडकले. 1940 मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. निर्देशांक वाढला की भत्ता वाढायला हवा, ही रीत पुढे रुळली. ‘डीए’ हा शब्द घरात कानावर येतो ना, तो हाच महागाई भत्ता. एक साधी मोजणी हाताशी असली की भांडणाला आकड्यांचा आधार मिळतो, तो असा.

आजही पद्धत तीच आहे. 2012 च्या मालिकेसाठी देशातल्या 310 शहरांतून आणि 1181 गावांतून दर महिन्याला भाव गोळा केले जात. पिशवीत कशाचा वाटा किती, हेही ठरलेलं होतं. शहरातलं सरासरी कुटुंब 100 रुपये खर्च करतं, त्यातले सुमारे 36 खाण्यापिण्यावर आणि 22 घरावर, असं धरलं होतं. खेड्यात खाण्यापिण्याचेच 54 होते. उरलेल्यात कपडे, इंधन, प्रवास, शिक्षण, औषधं वगैरे.

माणसांच्या सवयी बदलतात तशी पिशवीही बदलावी लागते. म्हणूनच आता 2024 हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली आहे. तिच्यातून टेपरेकॉर्डर आणि कॅसेट गेल्या, आणि ऑनलाइन सिनेमे-मालिका बघण्याचा खर्च आत आला!

लोकल थांबली, मागे नाही गेली

आता ‘पाव टक्का’ म्हणजे काय ते बघू. ऑक्टोबर 2025 मध्ये महागाईचा दर 0.25 टक्के होता. 2012 च्या मालिकेतला तो सगळ्यांत कमी दर. हे अगदी खरं. पण ‘महागाईचा दर कमी झाला’ याचा अर्थ ‘भाव कमी झाले’ असा नव्हे. पुष्कळ मोठी माणसंसुद्धा इथे फसतात.

मानसरोवर स्टेशन सोडून पनवेलकडे निघालेली लोकल डोळ्यांसमोर आणा. खांदेश्वर जवळ आलं की तिचा वेग मंदावतो. वेग अगदी शून्यावर आला, म्हणून गाडी मागे मानसरोवरला गेली का? नाही. ती जिथवर आली तिथेच उभी आहे. महागाईचा दर म्हणजे गाडीचा वेग, आणि भाव म्हणजे गाडी पोचली ते ठिकाण. 2025 मध्ये वेग मंदावला. गाडी मात्र 197 जवळ पोचलेली होती, ती 100 वर परत गेली नाही.

आता भाजीचंच बघा. ऑक्टोबर 2024 मध्ये देशात भाज्यांचे भाव आदल्या वर्षापेक्षा सुमारे 42 टक्क्यांनी चढलेले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये ते सुमारे 27 टक्क्यांनी उतरले. वाटतं, केवढी स्वस्ताई! आता पेन्सिल घ्या. 2023 मध्ये 100 रुपयांची भाजी 2024 मध्ये 142 रुपयांना झाली. 142 मधून 27 टक्के वजा करा. राहिले सुमारे 104. म्हणजे दोन वर्षांत आपण जवळजवळ होतो तिथेच आलो. ‘भाज्या 27 टक्क्यांनी स्वस्त’ ही बातमी खरी, आणि ‘कुठे काय स्वस्त झालंय?’ हा आईचा प्रश्नही खरा.

भाव चढतात तरी कुठून?

खांदा कॉलनीतल्या भाजीवाल्या मावशींकडचा कांदा नाशिककडच्या शेतातून निघतो. तिकडून ट्रकने वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात येतो, तिथून टेम्पोने पनवेलकडे, आणि मग मावशींच्या टोपलीत. वाटेत डिझेल, टोल, हमाली, आडत असं काहीबाही त्याच्या किमतीला चिकटत जातं. डिझेल महागलं की कांदाही महागतो, अगदी शेतात काही घडलं नाही तरी!

आणि शेतात काही घडलं तर विचारूच नका. 2019 च्या पावसाने कांदा सडला आणि डिसेंबरमध्ये किलोचा भाव शंभराच्या वर गेला. जुलै 2023 मध्ये टोमॅटोनेही बऱ्याच शहरांत शंभरी ओलांडली. उलटही होतं. एकदम खूप माल आला की भाव कोसळतो. तेव्हा आपली पिशवी भरते, पण लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा गाडीभाड्याचा खर्चही कधी कधी निघत नाही. स्वस्ताई कुणाच्या तरी घामातून येते, हेही हिशेबात धरायला हवं.

भाड्याची गोष्ट निराळी आहे. घरं काही कांद्यासारखी चार महिन्यांत पिकत नाहीत. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. नोकरी जवळ, वाट जवळ, म्हणून लोक या बाजूला घर शोधतात. मागणारे वाढले आणि घरं त्या मानाने वाढली नाहीत, की मालक जास्त भाडं मागू शकतो. विमानतळ आला ही चांगलीच गोष्ट आहे. पण स्वतःचं घर असलेल्याला ती जेवढी चांगली वाटते, तेवढी भाडेकरूला वाटतेच असं नाही.

एकच मजला, दोन पिशव्या

आता पत्रातल्या कोड्याचं मुख्य उत्तर. वर्गाची सरासरी 60 गुण आली, म्हणून प्रत्येकाला 60 मिळतात का? कुणाला 85, कुणाला 35. महागाईचा दरसुद्धा अख्ख्या देशाची सरासरी आहे. तुमच्या घराची पिशवी त्या सरासरी पिशवीसारखी असेलच असं नाही.

समजा, खांदा कॉलनीतल्या एका इमारतीत एकाच मजल्यावर दोन घरं आहेत. पहिलं स्वतःचं आहे. ते 100 रुपयांतले 60 खाण्यावर आणि 40 इतर गोष्टींवर खर्च करतात. दुसरं भाड्याचं आहे. त्यांचे 30 भाड्यावर, 40 खाण्यावर आणि 30 इतर गोष्टींवर जातात. समजा, वर्षभरात खाणं 5 टक्क्यांनी उतरलं, इतर वस्तू 5 टक्क्यांनी चढल्या आणि भाडं 10 टक्क्यांनी वाढलं.

पहिलं घर: खाण्यात 3 रुपये वाचले, इतरात 2 वाढले. एकूण 1 रुपया वाचला.

दुसरं घर: भाड्यात 3 रुपये वाढले, खाण्यात 2 वाचले, इतरात दीड वाढला. एकूण अडीच रुपये जास्त गेले.

भाजीवाली तीच, वाणी तोच, टीव्हीवरची बातमीही तीच. तरी एका घराला हायसं वाटलं आणि दुसऱ्याला चिमटा बसला. महिन्याला वीस हजार खर्च असलेल्या घरात शंभराला अडीच म्हणजे पाचशे रुपये. पगार वाढला नसेल तर हे पाचशे आणायचे कुठून? मग आई हातातल्या गोष्टी मोजते. भाडं तिच्या हातात नाही. गॅस तिच्या हातात नाही. शेअर रिक्षा मात्र आहे!

दोन आजोबा

आता आजोबांकडे येऊ. समजा, त्याच इमारतीत आणखी एक आजोबा राहतात. ते केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या पेन्शनवर महागाईप्रमाणे वाढ मिळते, वर्षातून दोनदा. जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या मूळ पेन्शनवर जुलै 2025 पासून ही वाढ 58 टक्के झाली. म्हणजे मूळ पेन्शन 10,000 असेल तर हातात 15,800 पडतात.

खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्यांसाठी 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिच्यात पेन्शनचा आकडा एकदा ठरला की तो महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. या योजनेतली कमीत कमी पेन्शन सप्टेंबर 2014 पासून महिना 1000 रुपये झाली. 2025 संपलं तरी ती 1000 च होती. तेव्हा निर्देशांक 120 च्या आसपास होता, आणि 2025 अखेरीस 197. हजाराला 120 ने गुणा आणि 197 ने भागा. उत्तर येतं सुमारे 609. पासबुकात हजार लिहिलेले, पण त्यात 2014 चं सहाशे रुपयांचंच सामान येतं. चारशे रुपये कुणी चोरले नाहीत, हरवले नाहीत, उधळलेही नाहीत. ते नुसते विरले.

मैत्रिणी, तुझ्या आजोबांना किती पेन्शन मिळते ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मीही विचारणार नाही. पण एवढं पक्कं लक्षात ठेव. आयुष्यभर काम केलेल्या माणसाने पेपर बंद केला, तर त्याने हिशेबात चूक केली असं नव्हे. त्याने केलेला हिशेब बरोबरच होता. त्याच्याभोवतीचे आकडे बदलले.

मग करायचं काय?

देशाच्या पातळीवर हे काम रिझर्व्ह बँकेकडे आहे. महागाईचा दर 4 टक्क्यांच्या जवळ, फार तर 2 ते 6 च्या दरम्यान ठेवायचा, असं 2016 मध्ये ठरलं. भाव फार वेगाने चढू लागले की बँक व्याजदर वाढवते. कर्ज महागतं, लोक खरेदी लांबणीवर टाकतात आणि भाव जरा दमाने घेतात. पण रिझर्व्ह बँक पाऊस पाडू शकत नाही, की खांदा कॉलनीत घरं बांधू शकत नाही. त्यामुळे सगळंच तिच्यावर सोपवून चालत नाही.

माणसं आवाजही उठवू शकतात. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात धान्य, तेल, साखर मिळणं मुश्कील झालं. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या नेत्या तिच्यात एकत्र आल्या. हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. तो लाटणे मोर्चा आजीला कदाचित आठवत असेल. घर चालवणाऱ्या बायकांना भाव पाठ होते, म्हणून त्यांना कुणी गप्प बसवू शकलं नाही.

तर आपलं काम तिथूनच सुरू करू. भाव पाठ करू! एक साधी वही घ्या. तुमच्या घरात नेहमी येणाऱ्या दहाच गोष्टी निवडा. तांदूळ, तूरडाळ, तेल, दुधाची पिशवी, कांदा, गॅस सिलिंडर, रिक्षाचं भाडं, वही, साबण आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच दुकानात, त्याच मापाचा भाव लिहा. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेलं वजनही लिहा. किंमत पाचच राहते आणि आतली बिस्किटं मात्र कमी होतात, ही गंमत तिथे सापडेल. तीसुद्धा महागाईच, फक्त तोंड लपवून आलेली.

वर्षाने पहिल्या महिन्याच्या बेरजेला 100 माना आणि बाराव्या महिन्याचा आकडा काढा. तो झाला तुमच्या घराचा निर्देशांक. मग तो देशाच्या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आणि खांदा कॉलनीच्या मैत्रिणी, तुला एक जास्तीचं काम. देशाचा आकडा दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास जाहीर होतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ती बातमी असते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आजोबांबरोबर वाचनालयात जा. बातमी तू शोध, आणि वहीतला हिशेब त्यांना तपासायला सांग. इतकी वर्षं त्या भावांशी झुंजलेला माणूस याहून चांगला तपासनीस तुला कुठे मिळणार? जाता-येता दोघांचेही पाय मोकळे होतील. या वेळी अगदी खरोखरचे!

वहीतले आकडे मला जरूर कळवा. वाट बघतो.

तुमचा,
हिशेबकाका